वऱ्हाडातील कापसाची नोंद : सर्व्हे नंबरापासून संगणकापर्यंत

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा यंत्रांवर खिळते. वाफेवर चालणारे जिन, गासड्या दाबणारे प्रेस, आगगाडी, तारायंत्र आणि अलीकडच्या काळात भ्रमणध्वनी, उपग्रह व संगणक, अशा क्रमाने या प्रदेशाच्या परिवर्तनाची हकीकत सांगितली जाते. ही हकीकत खरी आहे. परंतु ती पूर्ण नाही. यंत्राच्या इतिहासाला समांतर असा नोंदीचा एक इतिहास या प्रदेशात घडत आलेला आहे. शेत कोणाचे, त्यात काय पेरले, किती पिकले, कापूस कोणत्या प्रतीचा, त्याला भाव कोणता, या प्रश्नांची उत्तरे कोठेतरी लिहून ठेवली जातात आणि त्या लिखाणावरून शेतकऱ्याचे भवितव्य पुष्कळ अंशी ठरते. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ही नोंद करण्याची रीत बदलली, ती ठेवण्याची जागा बदलली आणि ती वाचणारा माणूसही बदलला.

शेती व कारखानदारी यांचे जे डिजिटल परिवर्तन सांप्रत चालू आहे, त्याचा विचारही या दृष्टीने केला पाहिजे. जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात २०११ साली चौथ्या औद्योगिक क्रांतीची कल्पना जगापुढे मांडण्यात आली. यंत्रे परस्परांशी माहितीची देवघेव करतील आणि कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंतचा प्रवास एका अखंड नोंदीत सामावेल, असे तिचे सूत्र होते. वऱ्हाडच्या संदर्भात ही कल्पना सर्वस्वी नवी म्हणता येत नाही. शेतापासून गिरणीपर्यंतच्या प्रवासाची नोंद करण्याचा प्रयत्न येथे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या प्रयत्नात कोणते दुवे जुळले, कोणते तुटलेले राहिले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

नोंदीची कसोटी : रिद्धपूरचा वारसा

नोंद चांगली कशास म्हणावे, याची एक कसोटी वऱ्हाडच्या भूमीतच उपलब्ध आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे निवासस्थान आणि महानुभाव पंथाचे आद्य ज्ञानकेंद्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि हे संकलन रिद्धपूर येथे झाले असे परंपरा सांगते. या ग्रंथाचे वाङ्मयीन महत्त्व सर्वमान्य आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्याच्या रचनापद्धतीकडे. म्हाइंभटाने केवळ ऐकीव गोष्टी एकत्र केल्या नाहीत. ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिला त्या स्त्रीपुरुषांकडे जाऊन त्याने त्यांची साक्ष घेतली. पुढे मूळ प्रती नाहीशा झाल्यावर पंथीयांनी स्मरणाच्या आधारे पाठ पुन्हा उभे केले, तेव्हा एकाच्या आठवणीत व दुसऱ्याच्या आठवणीत जेथे भेद पडला तेथे तो भेद पुसून टाकण्यात आला नाही. अशा पाठभेदांस ‘वासना’ म्हणतात, आणि ते ज्या व्यक्तीच्या स्मरणातून आले तिचे नाव त्यांना जोडलेले आढळते. हिराइसेसारख्या स्त्रीचे स्मरणही या परंपरेत प्रमाण मानले गेले, हे विशेष होय.

चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ हा याच प्रवृत्तीचा दुसरा नमुना. श्रीचक्रधर व श्रीगोविंदप्रभू जेथे जेथे वावरले त्या स्थानांच्या दिशा, दारांची तोंडे आणि एका स्थानापासून दुसऱ्या स्थानाचे अंतर यांची तीत काटेकोर नोंद आहे. भूमीचे शब्दांतून केलेले हे मापन म्हणता येईल.

तथापि या वारशाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथांचे रक्षण झाले, पण ज्याला किल्ली ठाऊक नाही त्याला ते शतकानुशतके अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती किल्ली विद्वानांच्या हाती आल्यावरच हे भांडार मराठी अभ्यासकांना खुले झाले. तेव्हा रिद्धपूरच्या परंपरेतून नोंदीविषयी तीन प्रश्न निष्पन्न होतात. ही नोंद कोणाच्या साक्षीवर झाली? तीत मतभेदाला व दुरुस्तीला जागा आहे काय? आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला ती वाचता येते काय? एका धर्मपंथाच्या ग्रंथांवरून निघालेले हे प्रश्न कापसाच्या व्यवहारास लावणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु पुढील इतिहास त्यांचे औचित्य दाखवील.

सर्व्हे, आगगाडी आणि तार

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६१ पासून, मुंबई इलाख्यातील पद्धतीच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याच्या हद्दी निशाण्यांनी निश्चित झाल्या, आणि मातीची खोली व पोत पाहून प्रतवारी ठरविण्यात आली. तोपर्यंत शेताची ओळख गावातल्या माणसांच्या बोलण्यात होती. आंब्याचे शेत, नाल्याकाठचे शेत, अमक्याच्या विहिरीचे शेत, अशी नावे गावाबाहेर निरुपयोगी असत. नंबरामुळे शेत गावाबाहेरच्या कचेरीतही ओळखता येऊ लागले. काळी जमीन कागदावर आली, आणि जी वस्तू कागदावर येते ती दूर बसलेल्या माणसालाही वाचता येते.

त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाडच्या कापसाकडे साऱ्या ब्रिटिश व्यापाराचे लक्ष वळले. आगगाडीचा रस्ता वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० साली खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, आणि त्याच वर्षी समुद्रातील तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. खामगावच्या बाजारातील भाव आता लिव्हरपूलच्या भावाशी बांधला गेला. व्यापाराच्या भाषेत वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ हे नाव पडले. उमरावती, म्हणजे अमरावती, या गावाच्या नावाचे ते व्यापारी रूप. गावाचे नाव अशा रीतीने दूरच्या बाजारात मालाची प्रत सांगणारा शब्द होऊन बसले.

या नव्या संपर्काचा लाभ कोणाला झाला, हे पाहण्यासारखे आहे. तारेने आलेला भाव अडत्याला व निर्यात करणाऱ्या पेढीला आधी कळे. बैलगाडीत कापूस भरून पहाटे बाजारात आलेल्या शेतकऱ्याला तो सर्वांत शेवटी कळे. शेत, पीक आणि भाव या तिन्ही गोष्टींची माहिती पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने वाहू लागली होती. मात्र तिचा ओघ एकाच दिशेने होता. १८९९-१९०० च्या दुष्काळात रस्ते, आगगाडी व तार यांनी सुसज्ज असलेल्या या प्रदेशावर भीषण आपत्ती कोसळली. माहिती वाहून नेणारी साधने असणे आणि ती माहिती शेतकऱ्याच्या रक्षणासाठी वापरली जाणे, या दोन भिन्न गोष्टी होत, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

बाजाराचा कायदा आणि गाठीवरील शिक्का

या एकतर्फी व्यवहाराला काही शिस्त लावण्याचा पहिला प्रयत्नही वऱ्हाडातच झाला. कारंजा येथे १८८६ साली स्थापन झालेला कापसाचा बाजार हा हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, वजने तपासली जाऊ लागली, दलाल व मापारी यांना परवाने आवश्यक झाले, आणि मनमानी कटौतीस आळा बसला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल हिंदुस्थानातील अनेक बाजारांत रूढ असताना वऱ्हाडात तोल व दलाली कायद्याच्या कक्षेत आली, ही गोष्ट लहान नव्हे. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या शेतकी रॉयल कमिशनच्या अहवालात इतर प्रांतांनी असे बाजार उभारावेत अशी शिफारस करण्यात आली. त्याबरोबरच या पद्धतीतील मुख्य वैगुण्यही कमिशनने दाखविले. बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. माल पिकविणाऱ्याला तेथे प्रतिनिधी नव्हता. शेतकऱ्याचा माल तोलण्याची व्यवस्था सुधारली होती. परंतु त्या व्यवस्थेवर देखरेख करण्याचा अधिकार त्याच्याकडे आलेला नव्हता.

कारखान्याच्या बाजूनेही नोंदीची निकड भासू लागली होती. हाताच्या रेच्यावर सरकी काढली जाई तोपर्यंत शेतकऱ्याच्या घरात बियाणे शुद्ध राही. जिनमध्ये अनेक गावांचा कापूस एकत्र पिंजला जाऊ लागला, तशी सरकीही मिसळली. वऱ्हाडच्या लांब व तलम धाग्याच्या ‘बनी’ कापसाची जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखूड धाग्याच्या ‘जरी’ कापसाने बऱ्याच अंशी घेतली. जरीचे पीक लवकर हाती येई आणि तिच्यात रुईचा उतारा जास्त पडे. बाजारातील भावात तलमपणाचे पुरेसे मोल मिळत नसल्याने शेतकऱ्याने केलेली निवड समंजस होती. गुणाची नोंद जेथे शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तेथे गुण टिकत नाही, असा या घटनेचा अर्थ लावता येतो.

या मिसळीला व भेसळीला आवर घालण्यासाठी १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती नेमण्यात आली आणि १९२५ साली जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा कायदा संमत झाला. जिनमध्ये कोणासाठी, कोणत्या तारखेस, किती कापूस पिंजला याची नोंदवही ठेवणे आणि दाबलेल्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे या कायद्याने बंधनकारक झाले. मालाचा माग काढण्याची आजची जी कल्पना आहे, तिचे हे पूर्वरूप होय. गाठीवरील अंकावरून प्रेस कळे, प्रेसवरून जिन कळे. तथापि जिनच्या वहीत ज्याच्यासाठी कापूस पिंजला त्याचे, म्हणजे बहुधा व्यापाऱ्याचे, नाव असे. माग तेथे थांबे. शेताला सर्व्हे नंबर होता, गाठीलाही नंबर होता; मधला दुवा मात्र कोणत्याच वहीत नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर नोंदीच्या व्यवस्थेत शेतकऱ्याला स्थान देण्याचे काही प्रयत्न झाले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद केली. पापळ या अमरावती जिल्ह्यातील गावी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यास स्थापन झाले, आणि वऱ्हाडच्या मातीची, वाणांची व किडींची शास्त्रीय पाहणी वऱ्हाडातच होऊ लागली. १९७२ पासून अमलात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत व्यापारी मधून वगळला जाऊन शासन व शेतकरी समोरासमोर आले. परंतु प्रत ठरविणारा ग्रेडर शासनाचा होता, आणि त्याचा निर्णय शेतकऱ्याला पारखून पाहता येत नव्हता. योजनेविषयीच्या असंतोषाची इतर कारणेही होती. प्रतवारीविषयीचा अविश्वास हे त्यांतील एक.

२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली आणि बियाणे शेतकऱ्याच्या घरातून सर्वस्वी बाहेर गेले. काही वर्षे बोंडअळीपासून संरक्षण मिळाले. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या संरक्षणावर मात केली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने मोठा विध्वंस केला. त्यापूर्वीच, २००९ पासून, कीड व रोग सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प महाराष्ट्रात सुरू झाला होता. निवडलेल्या शेतांत ठराविक दिवसांनी निरीक्षणे घ्यावयाची, ती संगणकावर भरावयाची, कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचली की तज्ज्ञांनी सल्ला द्यावयाचा आणि तो भ्रमणध्वनीवरून शेतकऱ्यास कळवावयाचा, अशी ही योजना. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले तर उपाय योजावा, असा सोपा मापदंड ठरविण्यात आला. हा मापदंड शेतकऱ्याला स्वतः मोजता येतो. सापळा त्याच्या शेतात असतो आणि पतंग त्याच्या डोळ्यांना दिसतात. नोंद ज्याच्याविषयी आहे त्याला ती पडताळता यावी, या कसोटीला उतरणारे हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

अंकीय नोंदीचे युग

गेल्या दहा वर्षांत नोंदीचे स्वरूप झपाट्याने पालटले. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही, या दोहोंचा मिळून झालेला सातबारा संगणकावर आला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पूर्वी पटवारी, व पुढे तलाठी, गावात बसून किंवा बांधावरून पिकांची नोंद करी. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, भ्रमणध्वनीने पिकाचे छायाचित्र घेऊन, स्थाननिर्देशासह नोंद करावयाची असते. तत्त्वतः हे परिवर्तन फार मोठे आहे. सर्व्हे सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आपल्या पिकाची साक्ष शेतकऱ्याने स्वतः द्यावी, असे शासनाने मान्य केले. म्हाइंभटाच्या पद्धतीशी याचे नाते जोडावयाचे तर असे म्हणता येईल, की प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष पुन्हा एकदा प्रमाण झाली.

हवामानाच्या नोंदीतही असाच बदल झाला. ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळ हा घटक धरून राज्यात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे घेण्यात आली. त्यांत अमरावती व अकोला हे जिल्हे आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावे अंतर्भूत होती. गावाचा पाऊस, वाहून जाणारे पाणी, जमिनीत मुरणारे पाणी आणि पिकांची गरज यांचा ताळेबंद संगणकाच्या साहाय्याने मांडून जलसंधारणाची कामे ठरविणे, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२५ ते २०२९ या काळाचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली.

कारखान्याच्या टोकालाही नोंद सूक्ष्म झाली आहे. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेपासून जिनांचे आधुनिकीकरण होत गेले. धाग्याची लांबी, बळकटी व तलमपणा आता यंत्राने मोजला जातो. भारतीय कापूस महामंडळाच्या गाठींवर जे सांकेतिक चौकोनी चिन्ह छापले जाते, ते भ्रमणध्वनीने वाचताच गाठीचे उगमस्थान व गुण कळतात. १९२५ च्या कायद्यातील शिक्क्याचा हा थेट वंशज होय. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे नियोजित असलेल्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कापसापासून कपड्यापर्यंतच्या सर्व प्रक्रिया एका ठिकाणी आणण्याचा तिचा हेतू आहे. जेथील रुई दीडशे वर्षे दूरच्या गिरण्यांकडे जात राहिली, त्या प्रदेशात कापड तयार व्हावे, ही आकांक्षा जुनीच आहे.

दुवा जुळला, पण कोणाच्या नावावर?

सर्व्हे नंबर आणि गाठीचा नंबर यांमधील जो दुवा १९२५ साली तुटलेला होता, तो आता जुळू लागला आहे. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. त्याच वर्षीच्या कापूस हंगामात महामंडळाने हमीभावाने विक्री करू इच्छिणाऱ्यांस ‘कपास किसान’ या प्रणालीवर नोंदणी करावयास सांगितले, आणि त्या नोंदणीसाठी जमिनीचा अभिलेख व पेऱ्याची नोंद लागू लागली. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये होता. ज्याची नोंद आहे त्याच्यासाठी या भावाचे दार उघडे. ज्याची नाही त्याला खाजगी व्यापाऱ्याच्या जिनकडे गाडी वळविण्यावाचून गत्यंतर नाही. नोंद ही पूर्वी सारा वसूल करण्याचे साधन होती; आता ती भाव, विमा व अनुदान यांची पूर्वअट झाली आहे. म्हणूनच नोंदीतील उणीव पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते.

ही उणीव कोठे आहे? पहिली उणीव कसणाऱ्याच्या नावाची. सातबारा मालकाचे नाव सांगतो. मक्त्याने किंवा बटाईने शेत करणाऱ्याचा तोंडी करार त्यावर उमटत नाही, आणि मालक आपल्या हक्काच्या भीतीने तो उमटू देत नाही. पऱ्हाटी पेरणारा, फवारणी करणारा, कर्ज काढणारा माणूस एक आणि नोंदीतील शेतकरी दुसरा, अशी स्थिती निर्माण होते. दुसरी उणीव स्त्रियांच्या नावाची. निंदण आणि कापसाची वेचणी ही वऱ्हाडात मुख्यतः स्त्रियांची कामे. परंतु सातबाऱ्यावर त्यांची नावे विरळ. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ करून पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, तो याच अभावामुळे. संगणकाने जुना अभिलेख जसाच्या तसा उचलला, तेव्हा त्याबरोबर त्यातील हे मौनही उचलले. सातशे वर्षांपूर्वी हिराइसेचे स्मरण तिच्या नावासह जपणाऱ्या भूमीत ही गोष्ट विचार करावयास लावते.

तिसरी उणीव मापनाच्या घटकाची आहे, आणि तिचा अनुभव रिद्धपूरच्या परिसरात विशेष येतो. मोर्शी व वरूड हा संत्र्यांचा पट्टा. मृग किंवा आंबिया बहार घेण्यासाठी बागेचे पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. मातीतील ओलावा मोजणारी साधने आणि ठिबकचे स्वयंचलित नियंत्रण यांचा येथे खरोखर उपयोग आहे, कारण भूजल खोल गेलेल्या या पट्ट्यात पाण्याचा प्रत्येक तास मोलाचा असतो. परंतु हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई बागेतील फळगळ मोजून ठरत नाही. ती मंडळातील केंद्राने नोंदविलेल्या पाऊस व तापमानाच्या आकड्यांवरून ठरते. वऱ्हाडातला पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवाराला कोरडे ठेवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. केंद्र बिनचूक चालत असूनही त्याची नोंद एखाद्या बागेपुरती चुकीची असू शकते. अमेरिकेतील अचूक शेतीची पद्धत विस्तीर्ण शेतांवर वाढली. तेथे मोजणारे यंत्र शेतकऱ्याच्या स्वतःच्या कापणीयंत्रावर बसविलेले असते. येथील तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत मोजमाप बहुधा बाहेरून होते. हा भेद ध्यानात न घेता केलेली तुलना फसवी ठरेल.

चौथा प्रश्न दुरुस्तीचा. हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव कमी करावयाचे तर त्याला कंस केला जाई आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहिला जाई. जुने नाव वाचता येई, बदलाचे कारण गाव नमुना सहाच्या वहीत सापडे. महानुभावांच्या ‘वासनां’प्रमाणेच येथेही जुन्या पाठाची स्मृती शिल्लक राही. संगणकीकरणाच्या वेळी राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील कलम १५५ चा आधार घेतला जातो, म्हणजे दुरुस्तीचा मार्ग कायद्यात आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही स्वतःविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला आहे. परंतु उपग्रहाच्या चित्रावरून किंवा गणिती प्रतिमानावरून निघालेल्या निष्कर्षाविरुद्ध शेतकऱ्याने दाद कोठे मागावी? तलाठ्याची चूक बोट ठेवून दाखविता येई. खरिपात ढगांनी झाकलेल्या आकाशातून घेतलेल्या चित्राच्या आधारे ‘येथे कापूस नाही’ असे अनुमान निघाले, तर ते अनुमान कोणत्या पायऱ्यांनी निघाले हे सामान्य शेतकऱ्याला वाचता येत नाही. ही नवी सकळ लिपी म्हणावी लागेल. जुन्या लिपीने ग्रंथ ज्यांचा होता त्या पंथीयांसाठी तो राखला. या लिपीत लिहिलेली नोंद ज्याच्याविषयी आहे, नेमकी त्यालाच ती अगम्य राहते.

उपसंहार

या विवेचनावरून नव्या साधनांविरुद्ध निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. १८९७ च्या कायद्याने तोल सुधारला, क्रॉपसॅपने वेळेवर सल्ला दिला, ई-पीक पाहणीने शेतकऱ्याला साक्षीदाराचे स्थान दिले. हे लाभ खरे आहेत आणि पुढेही असे लाभ होतील. इतिहास दाखवितो ते इतकेच, की वऱ्हाडात यंत्राने शेतकऱ्याचे हित किती साधले हे यंत्राच्या वेगावरून कधीच ठरले नाही. ज्या ज्या वेळी नोंदीवर शेतकऱ्याची साक्ष, वाचन व दुरुस्ती यांचा अधिकार वाढला, त्या त्या वेळी लाभाचा वाटा त्याच्याकडे आला. जेव्हा नोंद फक्त दूरच्या वाचकासाठी लिहिली गेली, तेव्हा वेग वाढूनही त्याचे पारडे हलकेच राहिले. बाजार समितीत शेतकऱ्याचा प्रतिनिधी असावा हे तत्त्व कायद्यात उतरावयास १८९७ नंतर दीर्घ काळ लागला. माहितीच्या नव्या बाजारात तेच तत्त्व मान्य होण्यास तितका काळ लागू नये.

अभ्यासकांपुढील काम यातून स्पष्ट होते. सर्व्हेची जुनी प्रतवारी, बाजार समित्यांची दप्तरे, जिनच्या वह्या, फेरफाराच्या नोंदी आणि आजच्या अंकीय नोंदी यांची एकेका गावापुरती शेजारी शेजारी मांडणी करून कोणाचे नाव कोठे गळाले याचा शोध घेतला पाहिजे. असे काम गावपातळीवर राहूनच होईल, आणि ते मराठीत होणे अगत्याचे आहे. कारण ज्यांच्याविषयी ते असेल त्यांना ते वाचता व खोडता आले पाहिजे. २०२३ च्या कायद्याने रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. पोथ्यांचे पाठ जुळविण्याची जी विद्या या गावाने जतन केली, तिचा उपयोग सातबाऱ्याचे व गाठीचे पाठ जुळविण्यासाठीही करता येईल. कोणत्या नोंदीला कोणाची साक्ष आहे, हे विचारण्याची सवय त्या विद्येने मराठी अभ्यासकास फार पूर्वी लावून दिलेली आहे.